कढईजवळचा खोकला

दगडोबाच्या नाकाला वास येत नाही, ही गोष्ट शिरड शहापुरात फक्त चार माणसांना ठाऊक होती. आणि त्या चौघांपैकी एकटीला ती लपवायचा वीट आला होता. ती एकटी म्हणजे त्याची सून शालूबाई.

आता वास न येणं हे काही चोरीमारीचं प्रकरण नव्हे. माणूस जेवतो, हिंडतो, भांडतो, कुणाचं काही अडत नाही. पण दगडोबा हळद शिजवणारा होता. शिरडपासून पार वसमतच्या वाटेवरल्या गावांपर्यंत ज्याच्या शेतात हळद, तो माघ लागला की दगडोबाच्या ओसरीवर पाळी लावायला यायचा. कढई दगडोबाच्या आज्यानं आणलेली, हलवायला सहा गडी लागायचे. हळद खांदून आणायची, कढईत भरायची, पाणी सोडायचं, वर हळदीचाच पाला अंथरायचा आणि खाली कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीचा जाळ घालायचा, एवढं कुणीही करील. जाळ कधी ओढायचा, ते मात्र दगडोबानं सांगायचं. लवकर ओढला तर हळकुंड आत कच्चं राहतं आणि पुढं किडतं. उशिरा ओढला तर पिठूळ होतं, रंग मरतो. काडी टोचून पाहता येतं, पण काडी सहज आत जाईपर्यंत वेळ टळून गेलेली असते, कारण तेवढ्या कढईची धग काही फुंकर मारून विझत नाही. खरं काम वाफेच्या वासाचं. वास फिरला की त्याच घटकेला जाळ ओढायचा. ते फिरणं ओळखणारं नाक या घरात तीन पिढ्या चालत आलं होतं आणि दगडोबाला त्याचा कोण तोरा.

तीन पावसाळ्यांमागं भादव्यात तो तापानं पडला. महिन्यानं उठला, काठी टेकत हिंडू लागला. एक दिवस चुलीवर दूध करपून घरभर धूर झाला आणि दगडोबा चुलीशेजारी बसून निवांत पान लावत होता. त्याच्या बायकोनं, मंजुळाबाईनं, पातेलं उतरवलं आणि नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. तिला काय ते कळलं.

सरळ माणूस असता तर म्हणाला असता, बाबांनो, माझं नाक गेलं, दुसरा कुणी बघा. पण सरळ बोललं तर तोरा जातो. दगडोबानं थोरल्या अकलेनं वाट काढली. मुलगा रामकिशन हैदराबादला कॉलेजात बी. एस्सी. करत होता, रसायन शिकत होता. नाक बापाचंच उचललं होतं त्यानं. दगडोबानं त्याला हळदीच्या मोसमात घरी बोलावला आणि कढईजवळ बाज टाकून बसवला. वास फिरला की रामकिशननं खोकायचं. खोकला आला की दगडोबानं उठायचं, वाफेत तोंड घालायचं, डोळे मिटायचे, दाढी हलवायची आणि ओरडायचं, "ओढा जाळ!"

लोकांना काय दिसायचं? बापाचं नाक आणि लेकाचं पुस्तक. "काय अभ्यासू पोरगं हाय! जाळापाशी खोकून राहिलं, पर पुस्तक सोडंना," असं जो तो म्हणायचा.

आणि खाली, पऱ्हाटीच्या जुड्या जाळात सारत शालूबाई बसलेली असायची. बाईनं जाळ घालायचा, हळद धुवायची, वाळवायची, पाणी वाहायचं. कढईच्या तोंडाशी मात्र जायचं नाही, काडी हातात धरायची नाही, असा त्या घरचा रिवाज. का, ते कुणी सांगत नव्हतं. डोळे चुरचुरत, हातांना फोड येत, पण नाक काही तिनं बांधून ठेवलं नव्हतं. नवरा खोकायचा तेव्हा तिलाही वास यायचा. आधी ओल्या मातीचा, मग नाकाला झोंबणारा उग्र, आणि मग एकदम उकडलेल्या रताळ्यासारखा गोडसर, त्याच्यामागं जरासा कडवट. तो कडवटपणा आला की नवरा खोकायचा. पहिल्या मोसमाच्या शेवटी तिला तो खोकला ऐकायचीसुद्धा गरज राहिली नव्हती.

दुसऱ्या मोसमात घात झाला. रामकिशनची प्रयोगाची परीक्षा आठ दिवसांवर आलेली. त्या काळी हैदराबादला कॉलेजातलं शिक्षण उर्दूत, पुस्तकं जाडजूड, बाटलीतलं मीठ कोणतं ते ओळखायचं, नळीत धरायचं, तापवायचं, हुंगायचं. तो बाजेवर बसून पुस्तकात असा बुडाला की वास फिरला, पुढं गेला, तरी त्याचं डोकं वर झालं नाही. कढईत नेमसिंग नाईकाची हळद होती. नेमसिंग जवळच्या तांड्याचा नाईक. त्याच्या बापजाद्यांनी बैलांवर धान्यं वाहिली, यानं मात्र विहीर खांदून हळद लावली होती. शालूबाईला वास आला. ती नवऱ्याकडं बघत राहिली, पण बोलली नाही. बाईनं कढईचं बोलायचं नाही. नाईकाची सबंध कढई पिठूळ झाली आणि दगडोबानं तोंड वर करून सांगितलं, "नाईक, तुमच्या हिरीचं पाणीच जड हाय."

नाईक बिचारा विहिरीला दोष देत गेला. शालूबाईला तीन दिवस जेवण गेलं नाही. वाईट वाटलं म्हणून नव्हे, संताप गिळून गिळून पोट भरलं होतं म्हणून.

एवढं होऊन रामकिशनची परीक्षाही बुडाली ती बुडालीच. "अजून दोन कढया राहिल्यात, एवढ्या उरक अन् जा," असं म्हणत बापानं त्याला गुंतवून ठेवला आणि तो हैदराबादला पोचला तेव्हा प्रयोगाचा दिवस टळून गेला होता. वर्ष गेलं. कॉलेजानं बजावलं की पुन्हा असं झालं तर नाव कापू. रामकिशननं ते शालूबाईला सांगितलं. पास झाला तर हैदराबादला एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत जागा मिळणार होती आणि मग ती दोघं तिथं खोली घेणार होती. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि या पाच वर्षांत नवरा-बायको म्हणून त्यांनी जे काही दिवस काढले, ते कढईच्या धुरात. त्या खोलीच्या आशेवर शालूबाई जगत होती. नवऱ्याची परीक्षा ही तिचीही परीक्षा होती, फक्त तिचं नाव कुठल्या कागदावर नव्हतं.

यंदाच्या माघात रामकिशनचं पत्र आलं. दगडोबानं ओसरीवर बसून अक्षर लावत लावत वाचलं. शिवरात्रीनंतरच्या सोमवारी प्रयोगाची परीक्षा आहे. या वर्षी मला येता येणार नाही. माफी असावी.

"माफी असावी म्हणे!" दगडोबानं पत्र भिरकावलं. "सात जणांची पाळी लावून बसलो मी. नाईकाची हळद खांदून पडली. चार दिसांत शिजली न्हाई तर सडून जाईल. अन् हे लेकरू तिकडं बाटल्या हुंगून राहिलं!"

आतल्या दाराआड शालूबाई उभी होती. सासऱ्याशी थेट बोलायची रीत नव्हती, सासूच्या तोंडून बोलायचं. तिनं पदर सारखा केला.

"आत्याबाई, मामंजींना सांगा, त्यांना बोलावू नका. मी खोकते."

मंजुळाबाईला आधी कळेचना. ओसरीवर दगडोबाला मात्र बरोबर कळलं.

"कोण खोकतं?"

"जाळ घालायला मी बसतेच. धुरानं बाई खोकली तर कोण इचारतं? वास फिरला की खोकते, म्हणावं."

"तुझं नाक?" दगडोबा रीत विसरून थेट तिच्यावर खेकसला. "बाईच्या नाकावर सात गावची हळद शिजवू व्हय मी? उद्या लोकांला कळलं तर कढईत कुणी हळद घालंल का?"

"तुमच्या नाकाचं कळलं तर घालतील का, म्हणावं."

मंजुळाबाईनं तोंडावर हात ठेवला. शालूबाईचं मात्र आता थांबत नव्हतं. "अन् इचारा त्यांला, गेल्या साली नाईकाची कढई गेली तवा वास कुणाला आला होता. तुमच्या लेकाला न्हाई आला. मला आला."

"मग बोलली काहून न्हाईस?"

"बोलायचं न्हाई म्हणून तर शिकवलंय."

दगडोबा उठला, पागोटं डोक्यावर आपटलं आणि निघून गेला. त्या दिवशी वसमतचा बाजार होता. संध्याकाळी परत आला तो खुशीत. जेवताना मंजुळाबाईला म्हणाला, "उद्यापासून दोन दीस बाजेवर निजून ऱ्हा. डोक्याला फडकं बांध."

"काहून? मला काय झालं?"

"टेसनावरून तार केली पोराला. तारबाबूकडून विंग्रजीत लिहून घेतली. आई लई आजारी, ताबडतोब ये."

शालूबाईच्या हातातली भाकरी तव्यावर तशीच राहिली आणि करपली. मंजुळाबाई म्हणजे चाळीस वर्षं संसार केलेली बाई, तिला नवऱ्यानं जिवंतपणी मरणाला टेकवलं आणि वर फडकं बांधायला सांगितलं, तर तिनं फक्त विचारलं, "कोणतं फडकं बांधू?" त्या प्रश्नानं शालूबाईच्या अंगाचा जो तिळपापड झाला तो सांगून कळायचा नाही. सासऱ्याचा राग तिला होताच. आता सासूचाही आला, आणि आपण गप्प बसून भाकरी उलटतो आहोत म्हणून स्वतःचाही.

दोन दिवस मंजुळाबाई फडकं बांधून पडून राहिली. शेजारच्या बाया विचारून गेल्या, तिनं डोकं दुखतं म्हणून सांगितलं. वसमतहून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या घुंगरांना ती मान वळवायची. शालूबाई वरून पाणी द्यायची आणि मनातून नवस बोलायची, नागनाथा, त्यांला येऊ देऊ नको. सासूचे डोळे वाटेकडं आणि सुनेचे हात जोडलेले, एकाच घरात, एकाच माणसासाठी.

रामकिशन आला नाही.

तिसऱ्या दिवशी मंजुळाबाईनं फडकं सोडलं आणि जात्यावर बसली. "तार पोचली नसंल," ती म्हणाली. "लढाईचे दीस हायत. पलटणीच्या तारा आधी जातात म्हणं. नाई तर आला असता माझा लेक. आई आजारी म्हणल्यावर उडून आला असता." शालूबाईनं मान हलवली. तिलाही तसंच वाटलं. तारेच्या खात्याला तिनं मनातून दुवा दिला.

आता कढईपुढं दगडोबा एकटा. नेमसिंग नाईकाच्या दोन गाड्या हळद घेऊन दारात उभ्या, चार दिवसांची खांदलेली, थांबायला जागाच नाही. गेल्या सालचं गिळून नाईक पुन्हा आला होता, कारण दुसरीकडं जायची सोय नव्हती. सकाळी कढई भरली, पाला अंथरला, जाळ लागला. शालूबाई खाली बसली. दगडोबानं तिच्याकडं बघितलं नाही आणि तिनंही त्याच्याकडं बघितलं नाही. बाज मात्र रिकामीच टाकून ठेवली होती.

वाफ सुटली. मातीचा वास आला, मग उग्र वास आला. दगडोबा काडी घेऊन कढईभोवती फिरत होता. कपाळावर घाम, आणि तो जाळाचा नव्हता. नाईक बाजेच्या कडेवर टेकून त्याच्या तोंडाकडं बघत होता. शालूबाई जाळात पऱ्हाटी सारत बसली, आणि सारता सारता तो गोडसर वास आला. ती थांबली. मागनं कडवटपणा आला.

ती खोकली.

दगडोबानं ऐकलं. त्याची पाठ ताठ झाली, ते तिनं पाहिलं. पण तो हलला नाही. त्यानं काडी टोचली, काडी अडली. त्यानं वर आभाळाकडं पाहिलं. शालूबाईच्या डोक्यात घण पडू लागले. हा माणूस नाईकाची दुसरी कढई जाळील, पण सुनेचं नाक मानायचा नाही! गेल्या साली ती गप्प बसली होती. तो गप्पपणा वर्षभर तिच्या घशात अडकला होता. ती पुन्हा खोकली, अशी की दावणीचे बैल बिचकले.

"धूर लई झाला काय, सूनबाई?" नाईकानं विचारलं.

ती तिसऱ्यांदा खोकली आणि या वेळी थेट सासऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून खोकली. पदर खांद्यावर पडला होता, तो तिनं उचललाही नाही. दगडोबाचे ओठ हलले. त्यानं वाफेत तोंड घातलं, डोळे मिटले, दाढी हलवली.

"ओढा जाळ!"

गड्यांनी जाळ ओढला. शालूबाईनं स्वतःच्या हातानं पाणी मारून निखारे विझवले. त्या दिवशी सासरा तिच्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र कढई लागल्यावर त्यानं रिकामी बाज उचलून गोठ्यात टाकली आणि जाळाच्या बाजूला तिच्यासाठी पाट मांडला. सात जणांच्या चोवीस कढया झाल्या. चोवीस वेळा शालूबाई खोकली आणि चोवीस वेळा दगडोबा ओरडला. पुढं पुढं तर त्याला विचारही करावा लागेना. इकडं खोकला आला की तिकडं तोंडातून शब्द निघायचा, घंटा वाजली की शाळा सुटते तसा. हळद वाळली, वसमतच्या बाजारात गेली. आडत्यानं हळकुंड मोडलं, आतला रंग बघितला आणि पुन्हा एक मोडून पाहिलं. अशी हळद दहा वर्षांत आली नाही म्हणाला. नाव कुणाचं झालं ते सांगायला नकोच.

मधे रामकिशनचं एक कार्ड आलं. परीक्षा चांगली झाली, निकाल लागल्यावर येतो. आई कशी आहे, हे त्यात नव्हतं. "बघ, मी म्हणलं न्हवतं, तार पोचलीच न्हाई," मंजुळाबाई म्हणाली आणि कार्ड देवापाशी ठेवलं.

जेठाच्या तोंडाला रामकिशन आला. पास झाला होता. गावात पहिला बी. एस्सी. दुपारपासून ओसरीवर माणसं जमली. नेमसिंग नाईक तांड्यावरून पेढे घेऊन आला, आणखी दोघं-तिघं शेतकरी आले. मंजुळाबाई उंबऱ्याशी बसून लेकाकडं नुसती बघत होती. तिच्या पायांवर डोकं ठेवताना रामकिशन थोडा अडखळला होता, ते फक्त शालूबाईनं पाहिलं.

ती आत त्याची पेटी रिकामी करत होती. जाड पुस्तक उचललं आणि त्यातून एक लखोटा खाली पडला. तारेचा. तिला वाचता येत नव्हतं, पण लखोटा डिंकानं जसा चिकटवला होता तसाच आहे, हे कळायला अक्षरओळख लागत नाही. रामकिशन पाणी प्यायला आत आला तेव्हा तिनं तो त्याच्यापुढं धरला.

"उघडली काहून न्हाई?"

त्यानं आधी दाराकडं पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "हळदीच्या दिवसांत घरून तार येते ती कशाला, ते न उघडता कळतं."

"अन् दुसरंच काही असतं तर? आत्याबाईंचं काही असतं तर? माझं?"

"उघडली असती तर यावं लागलं असतं. म्हणून पुस्तकात घातली. परीक्षा झाल्यावर उघडू म्हटलं, मग हिंमत झाली नाही. तूच सांग, मी काय करायला पाहिजे होतं? आलो असतो तर नाव कापलं असतं. हैदराबादला यायचं तुझ्याच मनात होतं ना?"

खरंच होतं. तो येऊ नये म्हणून नवस तिनंच बोलला होता. पण तार न पोचल्यामुळं न येणं आणि पोचलेली तार पुस्तकात मिटून ठेवणं, यात केवढा फरक होता! तीन महिने तो आईच्या मरणाची शक्यता खुणेच्या कागदासारखी पुस्तकात ठेवून पानं उलटत होता. आणि तिला राग याचा आला, की त्यानं हे तिच्या नावावर मांडलं.

रामकिशनला तिची शांतता समजूत पटल्यासारखी वाटली. तो जरा हसलाही. "आणि बघ, माझ्यावाचून काय अडलं? बाबांनी यंदा एकट्यानं निभावलंच की."

तिनं नवऱ्याकडं असं बघितलं की तो एक पाऊल मागं सरला. मग लखोटा हातात घेऊन ती तरातरा ओसरीच्या दारात आली. काय बोलायचं ते तिनं ठरवलं नव्हतं.

"हातात काय गं ते?" मंजुळाबाईनं विचारलं. मग तिनं ओळखलं. असाच तारेचा लखोटा एकदा पाटलाच्या घरी आलेला तिनं पाहिला होता. तिचा चेहरा उतरला. "तार हाय का? पोचली होती व्हय?"

दगडोबानं पान तोंडाशी नेलेलं खाली ठेवलं.

शालूबाई मागं आलेल्या नवऱ्याकडं वळली आणि लखोटा त्याच्या छातीशी धरला. "वाचून दाखवा आत्याबाईंला."

चार माणसांदेखत रामकिशनला दुसरं काही करता येईना. त्यानं लखोटा फाडला. कागद उलगडला. वाचता वाचता त्याच्या तोंडावरचं रक्त उतरलं. त्यानं बापाकडं पाहिलं, मग आईकडं. इंग्रजी त्या ओसरीवर दुसऱ्या कुणालाच येत नव्हतं. त्यानं घसा साफ केला.

"आई बरी आहे. इकडची काळजी करू नको. मन लावून परीक्षा दे," त्यानं वाचलं.

मंजुळाबाई लेकाकडं बघत राहिली. त्या तारेसाठी दोन दिवस फडकं बांधून पडली होती ती.

"व्हय," ती म्हणाली. "असंच लिवा म्हणलं होतं मी ह्यांला."

आणि दगडोबा? दगडोबानं खाली ठेवलेलं पान उचललं आणि तोंडात घातलं. लाज म्हणून काही चीज असते, ती त्याच्या नाकाबरोबरच गेली असावी. "म्हणलं, पोराचं नुकसान नको," तो म्हणाला. "हळदीचं मी बघून घेईन."

"वा दगडोबा, वा!" नेमसिंग नाईकाचा ऊर भरून आला. "असा बाप पायजे. सात जणांची हळद डोक्यावर, अन् पोराला म्हणतो, येऊ नको. काय नाक दिलंय देवानं, अन् काय मन दिलंय! बाप असा, म्हणून लेक असा."

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. रामकिशनही मान खाली घालून उभा. बापाचं खोटं लेकानं झाकलं, लेकाचं आईनं झाकलं, आणि त्या सगळ्या खोट्याच्या वर गावानं फुलं वाहिली. शालूबाई दारात उभी होती. बोलायला गेली असती तर शिव्या आल्या असत्या आणि शिव्या देणारी सून म्हणून गावानं तिलाच झोडपलं असतं. तिनं दाराची चौकट धरली.

आणि ती खोकली. कढईजवळ खोकायची तशी, कोरडी, दोनदा.

"ओढा जाळ!" दगडोबा ओरडला.

ओसरीवर जाळ नव्हता. कढई गोठ्यात उपडी पडली होती. दगडोबाचं तोंड उघडंच राहिलं आणि पानाचा रस दाढीवर ओघळला. कुणी हसायला गेलं, पण नेमसिंग नाईक हसला नाही. तो दगडोबाकडं बघत होता, मग रामकिशनकडं, मग सावकाश मान वळवून दाराकडं.

"त्याआधीच्या साली पोरगं खोकून राहिलं होतं," तो आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला. "यंदा सूनबाई." तो थोडा थांबला. "दगडोबा, तुमाला वास येतो का?"

दगडोबा दाढीवरचा रस पुसत राहिला.

"सूनबाई, यंदाची माझी पैली कढई. तीनदा खोकलात तुमी. धूर लई झाला का म्हणून मी इचारलं होतं."

शालूबाईनं या वेळी सासूच्या तोंडून सांगितलं नाही. "धूर न्हवता, नाईक. वास फिरला होता. अन् गेल्या साली तुमच्या हिरीचं पाणी जड न्हवतं. तवाबी मला वास आला होता, मी गप बसले. माझं चुकलं. आता गप बसायची न्हाई."

नाईक उठला. पेढ्यांचा पुडा त्यानं दगडोबापुढून उचलला, दोन पावलं चालून शालूबाईच्या पायांशी उंबऱ्यावर ठेवला आणि जोडे घालून निघाला. त्याच्यामागं एकेक करून बाकीचे उठले. जाताना कुणी दगडोबाला रामराम घातला नाही.

ओसरीवर घरचीच चार माणसं उरली. रामकिशन तसाच उभा होता, हातात तार. मंजुळाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली, लेकाजवळ गेली आणि त्याच्या बोटांतून तो कागद काढून घेतला. त्याची नीट घडी केली आणि कनवटीला खोचला. वाचता येत नव्हतं तिला. पण त्यात काय लिहिलं आहे, ते तिला पाठ होतं.